मुंबईचे पुतळे आणि त्यांचीं नांवें

कोंकणांतला मनुष्य मुंबईस जातो तो नोकरीसाठीं जातो, दुखणें दाखवावयास जातो, लग्नकार्यास जातो, किंवा नुसती मुंबई पाहून आलों असें चारचौघांत सांगतां यावें एवढ्यासाठींही जातो. परंतु केवळ रस्त्यांवरचे पुतळे पाहावयास म्हणून कोणी गेल्याचें निदान आमच्या माणगांव तालुक्यांत तरी ऐकिवांत नाहीं. पुतळा ही वस्तु मुद्दाम जाऊन पाहावयाची असते, असें आपणांस वाटतच नाहीं. ती वाटेंत येते. तिच्यावरून बसचा थांबा ओळखावयाचा, तिच्या चबुतऱ्याच्या सावलींत घटकाभर टेकावयाचें, आणि पुढें चालूं लागावयाचें. ज्या मूर्तीसाठीं एखाद्या धनिकानें लाखांनीं रुपये मोजले आणि सातासमुद्रांपलीकडच्या शिल्पकारानें आपलें कसब वेंचलें, तिच्याकडे मान वर करून पाहण्याची इच्छा हजारांत एखाद्यासच होते. ही आपल्या लोकांची अरसिकता होय, असें सुशिक्षित मंडळी पुष्कळ वेळां बोलून दाखवितात. मला तें मान्य नाहीं. ह्या उदासीनतेच्या मुळाशीं थोडा इतिहास आहे, आणि ती दिसते तितकी उदासीनताही नव्हे.

गेल्या पौषांतली गोष्ट. रविवारास जोडून आणखी एक सुट्टी आली होती म्हणून आम्ही सारीं माणगांवच्या घरीं जमलों होतों. रात्रीं जेवणें झाल्यावर माझा पुतण्या, वय वर्षें दहा, काळ्या घोड्याचें एक चित्र घेऊन आला आणि विचारूं लागला, "काका, ह्या घोड्यावरचा माणूस कोठें गेला?" मी कांहीं सांगणार इतक्यांत आई म्हणाली, "होता रे बाबा, एक राजा बसलेला होता. मीं पाहिला आहे. आम्ही त्याला काळा घोडाच म्हणत असूं." आईचे वडील गिरणींत होते, तिचें लहानपण भायखळ्याच्या एका चाळींत गेलें. तिच्या बोलण्यास आमच्या घरीं ह्या बाबतींत पुराव्याची किंमत आहे. पण मुलगा तेवढ्यावर थांबला नाहीं. "आजी, राजा बसलेला होता, तर नांव घोड्याचें कसें?" असा त्यानें दुसरा प्रश्न केला.

प्रश्न लहान मुलाचा असला तरी उत्तर लहान नव्हतें. मीं घसा खाकरून १८७५ सालापासून सुरुवात करण्याचा विचार केला. तो ओळखून आमच्या सौभाग्यवतींनीं, "त्यापेक्षां उद्यां जाऊन पाहूनच येऊं कीं," असें म्हटलें, आणि काय आश्चर्य, सर्वांनीं माना डोलावल्या. पहाटे चार वाजतां घावनांचा डबा, चहाची बाटली, आईची औषधें आणि आम्ही सहा माणसें एवढें सारें धाकट्या भावाच्या जीपगाडींत चढलें. महिना महिना आधीं आंखलेल्या सहलींना जो एक हिशेबीपणा असतो तो ह्या सहलीस नव्हता. काय पाहावयाचें तेंही पुरतें ठरलेलें नव्हतें.

माणगांव ते मुंबई हें अंतर सुमारें दीडशें किलोमीटर आहे. आईच्या लहानपणीं हाच प्रवास धरमतरपर्यंत गाडीनें आणि तेथून बोटीनें भाऊच्या धक्क्यापर्यंत होत असे. आतां रस्ता आहे, रेल्वे आहे, खाडीवर पूल आहेत; आणि रविवारची पहाट असल्यामुळें आम्ही आठ वाजण्याच्या सुमारास भायखळ्यास राणीच्या बागेशीं येऊन पोहोंचलों. काळा घोडा पाहावयाचा तर भायखळ्यास कां, असें वाचक विचारतील. उत्तर असें कीं, खरा काळा घोडा १९६५ सालापासून तेथेंच आहे.

ह्या बागेचें आजचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आंतल्या संग्रहालयाचें १८७२ सालीं दार उघडलें तेव्हां तें राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पति आल्बर्ट यांच्या नांवानें उघडलें. १९७५ सालीं त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव मिळालें, आणि तें योग्यच झालें, कारण संग्रहालय उभें राहावें म्हणून ज्यांनीं खटपट केली त्यांत डॉक्टर अग्रभागीं होते. संग्रहालयाच्या अंगणांत शिरतांच प्रथम दिसतो तो एक मोठा दगडी हत्ती. हा मूळचा मुंबईचा नव्हे. आमच्या जिल्ह्यांतला, घारापुरीचा. ह्याच हत्तीवरून पोर्तुगिजांनीं त्या बेटास 'एलिफंटा' नांव दिलें. १८६४ सालीं त्यास उचलून विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे ह्या बागेंत आणून टाकण्यांत आले आणि पुढें १९१४ च्या सुमारास जोडून हत्ती पुन्हां उभा करण्यांत आला. आमच्या मुलखांतून मुंबईस येऊन मोडून पडलेल्या चाकरमान्यांत ह्याचा नंबर बराच वरचा लागेल. आईनें त्याच्या सोंडेकडे पाहून हात जोडले. गणपति म्हणून जोडले कीं गांवकरी म्हणून, हें मीं विचारलें नाहीं.

हत्तीच्या आसपास व बागेच्या इतर भागांत पदच्युत मंडळी उभी आहे. लॉर्ड कॉर्नवॉलिस आहे, वेलस्ली आहे, राणी व्हिक्टोरिया स्वतः आहे; आणि घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड आहे. आईनें तो लांबूनच ओळखला. "हाच तो," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "केवढा मोठा वाटत असे तेव्हां!" मुलानें घोड्याभोंवतीं एक फेरी मारून घेतली आणि वर बसलेल्या राजाकडे ओझरतें पाहिलें. त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तेथेंच मिळण्यासारखें होतें.

एडवर्ड हा युवराज असतांना १८७५-७६ च्या हिवाळ्यांत हिंदुस्थानांत आला होता. त्या भेटीचें स्मारक म्हणून सर आल्बर्ट ससून यांनीं हा ब्राँझचा पुतळा मुंबईस दिला. ससून घराणें बगदादी यहुदी. व्यापारासाठीं मुंबईस आलेलें आणि मुंबईनें गबर केलेलें. गोदी, ग्रंथालय, शाळा यांच्या रूपानें त्यांनीं ह्या शहराचें ऋण पुष्कळ फेडलें; पण राजपुत्राचा पुतळा हा फेडीचा भाग नव्हता, तो दरबारांतला नजराणा होता. पुतळा घडविला जोसेफ एडगर बोह्म यानें. हा जन्मानें व्हिएन्नाचा, पण इंग्लंडांत नांवारूपास आलेला. १८७९ सालीं पुतळ्याचें अनावरण झालें. म्हणजे देणारा बगदादचा, घडविणारा व्हिएन्नाचा, वर बसलेला लंडनचा. मुंबईच्या माणसाचा त्यांत संबंध काय, तर तो खालून जात असे. त्यानें वर पाहिलें, राजास वगळलें, आणि घोड्यास नांव दिलें. ह्या चौकाला 'काळा घोडा' म्हणावें असा कोणा नगरपालिकेनें ठराव केला नव्हता. ट्रामवाले, हमाल, भाजीवाले, शाळेंत जाणारीं पोरें यांच्या तोंडीं तें नांव आपोआप रुळलें. १९६५ सालीं सरकारनें इंग्रजी अमदानींतले पुतळे रस्त्यांवरून उचलले तेव्हां घोडा गेला, राजा गेला, चबुतरा गेला. नांव जागच्या जागीं राहिलें.

लोकांनीं आपलें असें नांव देऊन परक्याची वस्तु घरची करून टाकावी, ही रीत मुंबईंत जुनी आहे. कॉर्नवॉलिसचा पुतळा एके काळीं आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागीं, घुमटीखालीं उभा होता. घुमटी, आंत मूर्ति, पायऱ्या. लोकांनीं देऊळच समजून त्यापुढें फुलें वाहावयास सुरुवात केली. सरकारनें मना करून पाहिलें, पण उपयोग झाला नाहीं. लोक त्यास 'छोटें देऊळ' म्हणत, असें इंग्रज लेखकांनींच लिहून ठेवलें आहे. त्या लेखकांनीं ही गोष्ट नेटिवांच्या भोळेपणाचा नमुना म्हणून सांगितली. मला तींत भोळेपणा कमी आणि व्यवहार अधिक दिसतो. ज्याचें नांव उच्चारतां येत नाहीं व ज्याचा पराक्रम आपणांस ठाऊक नाहीं, असा एक दगडी पुरुष सरकारनें आपल्या वाटेवर आणून ठेवला. त्याचें करावयाचें काय? आपल्या घरीं दगडाचें जें करतात तेंच लोकांनीं केलें.

राणीच्या पुतळ्याची गोष्ट निराळी. तो मॅथ्यू नोबल यानें संगमरवरांत घडविलेला. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनीं दिलेला. १८७२ सालीं बसविलेला. ह्या पुतळ्यास १८९६ सालीं रात्रीं कोणीं तरी डांबर फासलें. पुढें रँडच्या वधाच्या खटल्यांत दामोदर हरि चापेकर यांनीं, तें आपण केलें असें सांगितलें. फुलें वाहणाऱ्याला कॉर्नवॉलिस कोण हें ठाऊक नव्हतें. डांबर फासणाऱ्याला राणी कोण हें पक्कें ठाऊक होतें. पुतळ्याकडे इतक्या बारकाईनें मुंबईंत दुसऱ्या कोणीं क्वचितच पाहिलें असेल. आज राणीचें नाक तुटलेलें आहे, आणि तिच्या समोरून मुलांबाळांचे तांडे हत्ती नि पेंग्विन पाहावयास जातात. राग निघून गेला, आदरही निघून गेला. आतां उरलें तें निव्वळ कोरीव काम, आणि तें फार सुंदर आहे. तिच्या वस्त्राच्या झालरी पाहात आमची कन्या पंधरा मिनिटें उभी होती. ह्या पुतळ्यांचे तुकडे न करतां ते असे एका बाजूस ठेवले, हें त्या वेळच्या कारभाऱ्यांनीं चांगलें केलें असें मला वाटतें.

बागेंतून निघून दक्षिणेस वळलें कीं दोन उड्डाणपुलांच्या मध्यें खडा पारशी उभा आहे. ह्याचें नांव कर्सेटजी माणिकजी श्रॉफ. त्यांच्या चिरंजीवांनीं पित्याच्या स्मरणार्थ इंग्रज शिल्पकार जॉन बेल याजकडून तो बिडांत ओतवून घेतला. उंच स्तंभ, खालीं जलकन्या, वर पारशी गृहस्थ. मुंबईनें त्यांचें नांव गाळलें आणि ते करीत काय आहेत एवढेंच सांगितलें: उभे आहेत. २०१४ सालीं त्यांची डागडुजी झाली. गाडी थांबवावयास तेथें जागा नाहीं. दोन फेऱ्या मारून आम्ही पुढें निघालों.

पुढचा मुक्काम क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडई. येथें आमचा तासभर गेला. कारण पुतण्यास पक्षी पाहावयाचे होते, आणि मला प्रवेशद्वाराच्या माथ्यावरची शिल्पपट्टी सर्वांस दाखवावयाची होती. मंडई १८६९ सालीं पुरी झाली. इमारत विल्यम एमर्सनची. दारावरचें कोरीव काम जॉन लॉकवुड किप्लिंगचें. हा १८६५ सालीं जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिल्प शिकविण्यास आला. त्याच वर्षीं त्या शाळेच्या आवारांत त्याला मुलगा झाला, तो पुढें जगप्रसिद्ध लेखक झाला. बाप मात्र आमच्याकडे उपेक्षिला गेला. वास्तविक लेखकापेक्षां शिल्पकारानेंच ह्या देशाकडे अधिक निवांतपणें पाहिलें, असें माझें मत आहे. मंडईच्या दारावर त्यानें ना राजा कोरला, ना लाट. त्यानें शेतकरी कोरले. ज्या हातांनीं मंडईंत माल येतो ते हात त्यानें मंडईच्या कपाळावर ठेवले.

मंडईस नांव मिळालें तें मात्र म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचें. पुढें काळ बदलला आणि तिला महात्मा फुल्यांचें नांव देण्यांत आलें. ज्यांनीं नांव बदललें त्यांच्या मनांत दारावरचे शेतकरी होते कीं नाहीं, कोण जाणे. पण योग असा जुळून आला कीं, १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या पुरुषाचें नांव त्या शिल्पावर येऊन बसलें. शंभरांतल्या नव्व्याण्णव नामांतरांत असा जोड साधत नाहीं. आम्ही खालीं उभे राहून वर बोट दाखवीत आहों हें पाहून एक भाजीवाला, एक हमाल व एक पोलीस असे तिघे वर पाहूं लागले. तेथें काय आहे हें हमालानेंच प्रथम ओळखलें. "कापणी चालली आहे," असें म्हणून तो आपली टोपली घेऊन निघून गेला.

छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस येथून हांकेवर आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यानें १८७८ ते १८८८ ह्या दहा वर्षांत तें उभारलें, आणि त्यास सुमारें सोळा लाख रुपये लागले. घुमटावरची मशालधारी 'प्रगति' आणि फाटकाच्या खांबांवरचे सिंह-वाघ विलायतेच्या टॉमस अर्पचे. भिंतींवर रेल्वे कंपनीच्या साहेबांचे मुखवटे आहेत, आणि त्यांच्या पंक्तींत जमशेटजी जीजीभाई व आमचे नाना शंकरशेटही आहेत. घड्याळाखालीं राणीची मूर्ति होती. ती स्वातंत्र्यानंतर काढून घेण्यांत आली आणि कोनाडा रिकामा राहिला. ह्या सर्व गोष्टी मार्गदर्शक पुस्तकांतून सांगितलेल्या असतात. मला सांगावयाचें आहे तें दुसरेंच. ह्या इमारतीवर जीं पानें, फुलें, माकडें, मोर, खारी अशी अलोट सृष्टि पसरली आहे, तिचें पुष्कळसें काम जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं केलें. साहेबांच्या चेहऱ्यांशीं नांवें जोडतां येतात. मोरांशीं जोडतां येत नाहींत. आमच्या मंडळींनीं एकमतानें मोर पसंत केले. आई म्हणाली, "ज्यानें हा पिसारा कोरला त्यानें मोर नाचतांना पाहिलेला असणार." आमच्याकडे पावसाच्या तोंडाला रानांत मोर दिसतात, तिचें म्हणणें खोडून काढण्याचें मला कारण दिसलें नाहीं.

दुपारीं हुतात्मा चौकांत आलों. येथें फ्लोरा ह्या रोमन पुष्पदेवतेचें कारंजें १८६४ सालापासून आहे. रिचर्ड नॉर्मन शॉ याचा आराखडा, जेम्स फोर्सिथ याचें कोरीव काम, पोर्टलंडचा दगड, आणि सत्तेचाळीस हजार रुपये खर्च. तें मूळचें राणीच्या बागेसाठीं योजलेलें होतें. देवी परक्या गांवची असल्यामुळें कीं काय, तिची ना कोणीं पूजा केली, ना विटंबना. चौकाला नांव देऊन ती गप्प बसून राहिली. मग २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं ह्याच परिसरांत, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. त्या चळवळींत शंभरावर माणसें बळी पडलीं. १ मे १९६० रोजीं राज्य झालें, आणि कारंज्याशेजारीं हुतात्म्यांचें स्मारक उभें राहिलें. त्या स्मारकावर मशाल घेतलेले दोन पुरुष आहेत, शेतकरी आणि कामगार. कलेच्या दृष्टीनें बोह्मच्या घोड्याशीं त्यांची तुलना करूं नये, असें कोणी मला सांगेल, आणि तें मी ऐकून घेईन. पण मंडईच्या माथ्यावर जो कापणी करीत होता, जो त्या घोड्याखालून डोक्यावर ओझें घेऊन गेला, तो ह्या ठिकाणीं प्रथम चबुतऱ्यावर चढला. आईचे वडील त्या वर्षीं गिरणींतच होते. ती चबुतऱ्यावरचीं नांवें वाचीत बराच वेळ उभी राहिली. आणि कोणीं घाई केली नाहीं.

तेथून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा दिसूं लागतो. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यानें विलायतेंत बसून आराखडा केला. १८६९ सालीं पाया घातला आणि १८७८ सालीं काम पुरें झालें. उंची २८० फूट. पैसे प्रेमचंद रायचंदांचे, नांव त्यांच्या मातोश्रींचें. ह्या मनोऱ्यावर उंचावर २४ दगडी पुरुषाकृति आहेत, आणि त्या पश्चिम हिंदुस्थानांतल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या आहेत. खालून त्या नीटशा दिसत नाहींत. धाकट्या बंधूंनीं पक्षी पाहण्याची दुर्बीण आणली होती, तिच्यामुळें आमचें काम भागलें. ह्या आकृति ज्यांनीं घडविल्या त्यांचें नांव, सुदैवानें, राहिलें आहे: राव बहादुर मुकुंद रामचंद्र, सरकारी बांधकाम खात्यांतले साहाय्यक इंजिनिअर. ज्या काळांत मोठे पुतळे विलायतेहून येत असत त्या काळांत मुंबईच्या सर्वांत उंच इमारतीवरचीं माणसें एका देशी माणसानें घडविलीं, ही गोष्ट आमच्या शाळांतून सांगितली जात नाहीं.

दुर्बीण मुलाच्या हातीं होती. तो म्हणाला, "काका, पागोटें घातलेला तो आहे ना, त्याचें नांव काय?" मीं सांगितलें कीं, त्यास नांव नाहीं, तो अमुक जातीचा नमुना आहे. "नमुना म्हणजे?" ह्या प्रश्नाशीं मी अडलों. नमुना म्हणजे काय हें त्याला समजावून देणें फारसें अवघड नव्हतें. पण तें मोठ्यानें बोलणें मला रुचेना. इंग्रजानें ह्या देशांतल्या मोठ्या माणसांस नांवानिशीं ओळखलें आणि लहान माणसांस जातीनिशीं मोजलें. राजास नांव असतें आणि शेतकऱ्यास पागोटें असतें. मुकुंद रामचंद्रांच्या छिन्नीनें त्या नमुन्यांतही जीव आणला, एकेकाचें उभें राहणें वेगळें केलें; पण योजनाच नमुन्यांची होती. हा दोष एकट्या इंग्रजांचा म्हणतां येणार नाहीं. मनोऱ्यास धनिकाच्या मातेचें नांव मिळालें, तें कोरणाऱ्या पाथरवटांचें मिळालें नाहीं.

ह्याच्या उलट उदाहरण आमच्या घराजवळ आहे, आणि तें येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. मांदाडच्या खाडीकांठीं कुडें येथें २६ बौद्ध लेणीं आहेत. पूर्वीं तीं माणगांव तालुक्यांत मोडत, आतां तळा तालुक्यांत आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं खोदूं लागलेल्या ह्या लेण्यांत दात्यांचे लेख आहेत. तेथें मांदवांच्या राजकुळांतलीं माणसें आहेत. पण त्यांच्याच शेजारीं एक माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, एक वैद्य आहे. आणि हे सारे आपल्या नांवानें, बापाच्या नांवानें, धंद्याच्या नांवानें तेथें नांदत आहेत. एका माळ्यानें लेणें दिलें आणि त्याचें नांव दगडांत टिकलें. ससून आणि प्रेमचंद यांच्या मुंबईंत माळ्यास अशी जागा नव्हती. त्या दृष्टीनें पाहतां, लेणें हें मनोऱ्यापेक्षां अधिक सार्वजनिक म्हटलें पाहिजे. कान्हेरीच्या चैत्यगृहांतल्या लेखांत तर दात्यांच्या बरोबरीनें दगडकाम करणाऱ्या कारागिरांचाही उल्लेख आला आहे.

सायंकाळीं चारच्या सुमारास आम्ही काळ्या घोड्याच्या चौकांत, त्या चित्रांतल्या घोड्यापाशीं आलों. १९६५ नंतर बावन्न वर्षें ही जागा नुसत्या नांवावर चालली. १९९९ पासून त्याच नांवानें येथें दरवर्षीं कलामहोत्सव भरूं लागला. अखेर २०१७ सालीं स्थानिक कलाप्रेमी मंडळानें येथें नवा घोडा बसविला. आल्फाझ मिलर यांची कल्पना, श्रीहरि भोसले यांचें शिल्प. काळा, डौलदार, पाठीवर कोणी नाहीं. कित्येकांनीं नाकें मुरडलीं. इतिहास पुसला असें कोणी म्हणाले, इतिहास पुन्हां आणला असें दुसरे कोणी म्हणाले. माझ्या मतें दोघेही चुकले. जगांत राजांचे पुतळे आहेत, देवांचे आहेत, सेनापतींचे आहेत. लोकांनीं ठेवलेल्या टोपणनांवाचा पुतळा मला तरी दुसरा ठाऊक नाहीं. हा एडवर्डच्या घोड्याचा पुतळा नव्हेच. हमालांनीं आणि ट्रामवाल्यांनीं जें नांव दिलें त्या नांवाचा हा पुतळा आहे. पुतण्यानें त्याच्या पोटाखालीं उभा राहून आपलें छायाचित्र काढवून घेतलें, आणि सकाळचा घोडा अधिक चांगला होता असा निर्णय दिला. घडणीच्या दृष्टीनें त्याचें म्हणणें बरोबर आहे.

गेट वेच्या पुढें शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. तो २६ जानेवारी १९६१ रोजीं पंचम जॉर्जच्या पुतळ्याच्या जागीं आला. गर्दी इतकी होती कीं महाराजांकडे पाहण्यासही रांगेंत उभें राहावें लागलें. मुलें थकलीं होतीं. परत महामार्गानें जावें तर रविवारची संध्याकाळ. म्हणून भाऊंनीं गाडी सरळ भाऊच्या धक्क्याकडे वळविली. आतां तेथून मांडव्यास गाड्यांसकट माणसें नेणारी मोठी बोट सुटते. हा धक्का बांधला लक्ष्मण हरिचंद्रजी अजिंक्य यांनीं. लोक त्यांस भाऊ म्हणत, म्हणून धक्का भाऊचा. त्यांचा पुतळा कोणीं आणला नाहीं, आणि त्यावांचून कांहीं अडलें नाहीं. दीडशें वर्षांवर सारें कोंकण त्यांचें नांव घेऊन मुंबईंत उतरलें.

ज्या माझगांवास हा धक्का आहे त्याच माझगांवच्या गोदींत पुण्याचा शिवछत्रपतींचा प्रसिद्ध अश्वारूढ पुतळा ओतला गेला. त्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर. पुतळ्याचें अनावरण १९२८ सालीं झालें. हे करमरकर समोरच्या किनाऱ्यावरचे, सासवण्याचे. जन्म १८९१ चा. लहानपणीं त्यांनीं गांवांतल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजीमहाराजांचें चित्र काढलें होतें. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड फिरतीवर असतांना त्यांच्या तें दृष्टीस पडलें. चित्र काढणारा कोण, याची त्यांनीं चौकशी केली, मुलास शोधून काढलें, आणि त्याची मुंबईच्या कलाशाळेंत जाण्याची सोय लावून दिली. पुढें करमरकर कलकत्त्यास गेले, लंडनला शिकले, मोठे झाले. १९६७ सालीं वारले. मांडव्याहून अलिबागच्या वाटेवर सासवण्यास त्यांच्या घरींच त्यांचीं शिल्पें मांडून ठेवलेलीं आहेत. त्यांत राजे थोडे आणि कोळणी, मुलें, शेजारपाजारचीं माणसें फार. आमची गाडी तेथें पोहोंचली तेव्हां दिवेलागण होऊन गेली होती आणि फाटक बंद झालें होतें.